कांगडा जिल्ह्यात सहा दिवस: ज्वालामुखी, मसरूर, धर्मशाळा, बीर... क्रम कसा लावावा?

सातारकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यात जायचं घाटतंय. सहा माणसं आहोत. दोघं सत्तरीपुढची (त्यातल्या एकांचे गुडघे कुरकुरतात), बाकी चौघं धडधाकट. पुण्याहून झेलमनं पठाणकोट कँट, तिसऱ्या दिवशी सकाळी पोच. तिथून सहा दिवस हातात आणि सातव्या दिवशी परत पठाणकोट.

यादी अशी: ज्वालामुखी, कांगड्याची बज्रेश्वरी, चामुंडा, बैजनाथ, मसरूरची खडकातली देवळं, कांगडा किल्ला, मॅक्लोडगंज, त्रिउंडचा ट्रेक, पालमपूर, बीर. जमलं तर चिंतपूर्णी, डलहौसी आणि ती छोटी रेल्वे. एका ट्रॅव्हलवाल्यानं हे सगळं चार दिवसांत बसवून दिलंय, म्हणूनच शंका आली.

मुक्काम कुठे कुठे करावा, काय गाळावं, ज्येष्ठांना काय झेपेल?

घाटवळण

ताई, शंका रास्त आहे. डलहौसी आजच खोडा. ते चंबा जिल्ह्यात आहे आणि धर्मशाळेहून जाऊन-येऊन करायची जागा नाही. एका बाजूलाच चार-पाच तास मोडतात. चिंतपूर्णी उना जिल्ह्यात. ज्वालामुखीपासून साधारण ३५ किमी, पण तुमच्या वाटेवर येत नाही. दिल्लीहून वंदे भारतनं अंब अंदौराला उतरणाऱ्यांनी आधी चिंतपूर्णी, मग ज्वालामुखी करावं. पठाणकोटवाल्यांना तो उलटा हेलपाटा.

आता गणित. नकाशावरचे किलोमीटर बघू नका, ताशी २५ ते ३० असा वेग धरा. पठाणकोट-कांगडा सुमारे ८५ किमी, अडीच-तीन तास. कांगडा-ज्वालामुखी ३५ किमी, सव्वा तास. कांगडा-धर्मशाळा १८ किमी, पाऊण तास. धर्मशाळा-चामुंडा १५, धर्मशाळा-पालमपूर ३५, पालमपूर-बैजनाथ १६, तिथून बीर १४-१५. बीरहून पठाणकोट साडेचार-पाच तास. रस्ता रुंदीकरणाची कामं चालू असतील तर त्यात तासभर घाला.

दरी पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेली आहे आणि धौलाधार पर्वतरांगेची भिंत सतत उत्तरेला. म्हणून क्रमही तसाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. एकाच हॉटेलात सहा रात्री राहून रोज इकडून तिकडे पळणं हा नेहमीचा घोटाळा. मॅक्लोडगंजला राहून ज्वालामुखी 'करून येऊ' म्हटलं की पाच तास गाडीत जातात आणि देवळात वीस मिनिटं.

माझी मांडणी:
पहिली रात्र कांगडा. दुसरी ज्वालामुखी. तिसरी-चौथी धर्मशाळा. पाचवी पालमपूर. सहावी बीर.

मोजमाप

घाटवळण यांच्याशी सहमत. बुकिंगच्या आधी नावांचे सापळे सांगतो, कारण इथे माणसं नेमकी यातच फसतात.

नगरोटा दोन आहेत. नगरोटा बगवां कांगडा-पालमपूर रस्त्यावर, नगरोटा सूरियां पोंग धरणाकाठी. मसरूरला जाताना दुसरं लागतं. ड्रायव्हरला नुसतं 'नगरोटा' सांगितलंत तर गाडी बरोबर उलट्या दिशेला जाईल.

बैजनाथ दोन. एक इथलं, एक उत्तराखंडात बागेश्वरजवळ. हॉटेलच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की दोन्हीकडची हॉटेलं एकत्र येतात. पत्त्यात 'कांगडा' बघूनच पैसे भरा.

'ज्वालामुखी रोड' हे स्टेशन राणीतालजवळ आहे, देवळापासून सुमारे २० किमी. 'कांगडा' आणि 'कांगडा मंदिर' ही दोन वेगळी स्टेशनं; बज्रेश्वरीसाठी दुसरं.

'धर्मशाळा' म्हणून बुक केलेलं हॉटेल खालच्या शहरात आहे की वर मॅक्लोडगंजात, हेही विचारा. खालचं शहर सुमारे १,४५० मीटर उंचीवर, मॅक्लोडगंज त्याच्या वर तीनशे मीटरहून जास्त. मधला गाडीरस्ता नऊ-दहा किमी वळणांचा. खडा डांडाचा जवळचा रस्ता आहे, पण नावाप्रमाणेच खडा. भरल्या गाडीनं तो चढू नका.

आणि बोर्डावर 'न्यूगल खड्ड' वगैरे दिसलं तर दचकू नका. तिकडे खड्ड म्हणजे ओढा.

रूळबदल

छोट्या गाडीबद्दल. पठाणकोट-जोगिंदरनगर, १६४ किमी, रुळांमधलं अंतर अडीच फूट, १९२९ सालची लाईन. जोगिंदरनगरच्या शानन वीजघराची अवजड यंत्रं न्यायला ती टाकली. सिमल्याच्या गाडीसारखे शंभर बोगदे इथे नाहीत, फक्त दोन आहेत. डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेनं वळत लाईन नेली, त्यामुळे धौलाधार झाकली जात नाही. हेच हिचं वैशिष्ट्य.

पण २० ऑगस्ट २०२२ ला चक्की नदीवरचा पूल पुरात कोसळला आणि पठाणकोटकडचा टप्पा तुटला. शिवाय दर पावसाळ्यात दरडी येऊन गाड्या अधूनमधून रद्द होतात. त्यामुळे 'पठाणकोटला उतरून छोट्या गाडीनं कांगडा' हा बेत मुख्य बेत म्हणून धरू नका. गाडी आदल्या दिवशी धावली का, हे स्टेशनवर विचारूनच ठरवा.

हौस असेल तर नगरोटा बगवां ते पालमपूर किंवा बैजनाथ पपरोला एवढाच तुकडा करा आणि टॅक्सीला पुढच्या स्टेशनवर बोलवा. तिकीट साधं, खिडकीवर मिळणारं. पूर्वेकडे जाताना डावी खिडकी धरायची, धौलाधार त्या बाजूला. उजवीकडे बसलात तर भातखाचरं दिसतील, तीही वाईट नाहीत म्हणा. बैजनाथ देवळासाठी 'बैजनाथ मंदिर' हे पपरोल्याच्या पुढचं छोटं स्टेशन. सगळ्या गाड्या तिथवर जातात असं नाही.

पुरातन

मसरूर यादीत आहे हे वाचून बरं वाटलं. निम्मे लोक गाळतात.

वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला मसरूर पटकन कळतं. दोन्ही कळसापासून खाली कोरलेली, दोन्ही साधारण आठव्या शतकातली. फरक दगडाचा. वेरूळचा बेसाल्ट टणक, त्यामुळे कोरीवकाम अजून शाबूत. मसरूरचा वालुकाश्म मऊ; पाऊस आणि थंडी त्याचे पापुद्रे काढते, आणि त्यावर ४ एप्रिल १९०५ चा कांगड्याचा भूकंप. पुढ्यातले कोसळलेले शिळाखंड तसेच पडलेत. मधल्या मोठ्या देवळाला ठाकुरद्वारा म्हणतात, आत राम-लक्ष्मण-सीता आहेत, पण दाराच्या माथ्यावर शिव कोरलेला आहे. म्हणजे मूळ देऊळ शिवाचं, रामाची स्थापना नंतरची. दारापाशी क्षणभर थांबून वर बघा, सगळे थेट आत जातात.

महत्त्वाचं: देवळांचं तोंड ईशान्येला, धौलाधारकडे. पुढ्यात तळं. म्हणजे ऊन दर्शनी बाजूवर सकाळीच असतं आणि तळ्यातलं प्रतिबिंबही तेव्हाच धड दिसतं. दुपारनंतर अख्खा दर्शनी भाग सावलीत. तेव्हा मसरूर 'जाता जाता संध्याकाळी' ठेवू नका, साडेआठ-नऊला तिथे असा. कांगड्याहून गग्गलमार्गे नगरोटा सूरियांच्या रस्त्यानं, साधारण सव्वा तास. तिकीट पुरातत्त्व खात्याचं, २५ रुपये. खायला आसपास फारसं काही नाही, सोबत न्या. वाहनतळापासून चालणं थोडं आहे, ज्येष्ठांना जमेल. वर गच्चीवर जायचा कोरीव जिना मात्र उंच पायऱ्यांचा आणि अंधारा, तो त्यांनी सोडावा.

अवांतर: जवळच पोंग जलाशयात 'बाथू की लड़ी' ही बुडालेली देवळं आहेत. फोटो पाहून लोक ऑक्टोबरात विचारत येतात. ती पाणी उतरल्यावर, मार्च ते जून उघडी पडतात. तुमच्या वेळी पाण्याखाली.

पंखवेडा

बाथू नाही, पण पोंगवर नोव्हेंबरपासून पट्टकादंब हंस उतरायला लागतात. भिगवणला उजनीवर जे दिसतात तेच. पोंगला २००२ पासून रामसर दर्जा आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मसरूरहून नगरोटा सूरियां जवळच, दुर्बीण असेल तर तासभर काढा. दिवाळीनंतर लगेच गेलात तर मोठे थवे नसतील, जानेवारीत खरी गर्दी.

घाटवळण

पुरातन यांचा मुद्दा मान्य. मग दुसऱ्या दिवशी सातला कांगड्याहून निघून मसरूर, दुपारी परत कांगड्यात जेवण, चारपर्यंत ज्वालामुखी. किल्ला तिसऱ्या दिवशी सकाळी, ज्वालामुखीहून परतताना. जुना कांगडा त्याच बाजूला आहे, वाकडी वाट होत नाही.

ओटीवाली

ज्वालामुखीबद्दल सविस्तर लिहिते, कारण मुक्काम तिथे करा हे घाटवळण यांनी सांगितलं पण का ते सांगितलं नाही. शेजारतीसाठी!

इथे मूर्ती नाही. खडकाच्या फटींतून वायू झिरपतो आणि त्याच्या ज्योती हीच देवी. सतीची जीभ इथे पडली अशी श्रद्धा. ज्योती नऊ मानतात, महाकाली, अन्नपूर्णा, हिंगलाज, विंध्यवासिनी वगैरे, पण सगळ्या एकसारख्या मोठ्या नसतात. मुख्य ज्योत चांदीच्या कोनाड्यात, बाकीच्या कडेला आणि हौदात, काही बोटाच्या पेराएवढ्या. रांग ढकलत असते, त्यामुळे डोळे अंधाराला सरावायच्या आत माणूस बाहेर पडतो आणि 'दोनच दिसल्या' म्हणतो. आत शिरताना आधी हौदाकडे बघा, मग भिंतीकडे.

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास शयन आरती. देवीचा पलंग सजवतात, वस्त्रं-दागिने मांडतात. त्या दालनाला सेजा भवन म्हणतात. आपल्या शेजेचाच शब्द. दिवसाची रांग ओसरलेली असते, बसायला जागा मिळते. हे बघून रात्री ३५ किमी घाटातून परत जाण्यात अर्थ नाही. सकाळी उठून पुन्हा शांत दर्शन होतं.

वर गोरख डिब्बी आहे. कुंडातलं पाणी खदखदताना दिसतं, हात लावला की गार. उकळी उष्णतेची नाही, खालून येणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांची. पायऱ्या चढाव्या लागतात, गुडघेवाल्यांनी विचार करून.

खण-नारळ नेला तर हरकत नसते, पण ताट मांडून, तांदळानं ओटी भरायला तिथे उसंत नाही. चुनरीबरोबर एकत्र बांधून पुजाऱ्यांच्या हाती द्यायचं. चामड्याचा पट्टा-पाकीट गाडीतच ठेवा. बसस्टँडपासून देवळापर्यंतची गल्ली छताखालची पण चढाची आहे, दुतर्फा प्रसादाची दुकानं. चपला ठेवून घेतो म्हणणारे प्रत्येक दुकानदार बदल्यात प्रसाद घ्यायला लावतात. आधीच किंमत विचारा.

मोजमाप

ओटीवाली, छान लिहिलंत. एक पुरवणी. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळानं आपली पहिलीवहिली विहीर खोदली ती ज्वालामुखीलाच, १९५७ साली. ज्योती आहेत म्हणजे खाली साठा असणार, हा तर्क. व्यापारी उत्पादनाजोगा साठा काही हाती लागला नाही. ज्योती मात्र चालू आहेत.

वारीतला वाटसरू

गर्दीचं पंचांग सांगतो. चैत्र आणि आश्विन नवरात्र टाळा हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपले लोक श्रावणात फसतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. शुक्ल पक्ष मात्र दोन्हीकडे एकच. आणि श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून तिकडे देवीच्या जत्रा भरतात, ज्वालामुखी, चिंतपूर्णी, बिलासपूरची नैनादेवी, सगळीकडे. वर भर पावसाळा. तेव्हा 'श्रावणात देवीला कोण जातंय' या हिशेबानं जाऊ नये.

दिवाळीनंतरचा आठवडा चांगला. शनिवार-रविवार पंजाब-दिल्लीच्या गाड्या येतात. देवळं आणि मॅक्लोडगंज दोन्ही सोमवार ते गुरुवारात बसवा.

मकर संक्रांतीला जाणार असाल तर बज्रेश्वरीला घृतमंडल असतं. लोणी शंभरावर वेळा गार पाण्यात धुऊन त्याचा थर पिंडीवर चढवतात, आठवडाभर ठेवतात. महिषासुराशी लढताना झालेल्या जखमांवर लेप, अशी कथा. उतरवल्यावर ते प्रसाद म्हणून वाटतात, पण तो त्वचेला लावायचा, खायचा नाही. हे न कळल्यानं लोक चाटून मोकळे होतात.

पुरातन

बज्रेश्वरीचं आजचं देऊळ १९०५ नंतर नव्यानं बांधलेलं आहे, जुनं भूकंपात पडलं. म्हणून तिथे वास्तू बघायला जाऊ नका, देवीला जा. वास्तूसाठी बैजनाथ.

बैजनाथचं देऊळ भूकंपात टिकलं. शिलालेखात शके ११२६ आहे, म्हणजे इसवी सन १२०४. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादव. आहुक आणि मन्युक या दोघा व्यापारी भावांनी बांधलं, राजानं नाही. लेख शारदा लिपीत, मंडपात भिंतीतच बसवलेले आहेत. देवनागरी वाचणाऱ्याला एखाददुसरं अक्षर ओळखू येतं, पुढे गाडी अडते. परळीचं वैजनाथ की हे, या वादात तिथल्या पुजाऱ्यांशी पडू नका, वेळ जातो.

देऊळ अगदी हमरस्त्याला लागून, ज्येष्ठांसाठी सगळ्यात सोपं. मागच्या बाजूनं बिनवा नदीकडे उघडणारी जागा चुकवू नका. गावात दसऱ्याला रावण जाळत नाहीत, तो शिवभक्त म्हणून.

कुरकुर

किल्ल्याबद्दल कोणी बोलेना. गुडघ्यांच्या बाजूनं मी बोलतो.

कांगडा किल्ला म्हणजे इतिहासातलं नगरकोट. १००९ मध्ये गझनीच्या महमूदानं लुटला, १६२० मध्ये जहांगीरच्या फौजेनं घेतला, पुढे कांगड्याचा राजा संसारचंद, १८०९ पासून रणजितसिंह. बाणगंगा आणि माझी या नद्यांच्या संगमावरच्या सोंडेवर आहे. दरवाजे एकामागून एक: रणजितसिंह, अहनी, अमिरी, जहांगिरी, अंधेरी, दर्शनी. सगळी वाट फरसबंद चढाची, मध्ये पायऱ्या. आपल्या राजगडासारखी दमछाक नाही, पण फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे. उतरताना घसरतं, चढताना नाही. रबरी तळव्याचे बूट आणि एक काठी. न झेपणाऱ्यांनी खाली संग्रहालयात थांबावं. चढणाऱ्यांना दीड-दोन तास पुरतात.

चामुंडा: गाडी जवळ जाते, बाणेर खड्डच्या काठावर, सपाट. देवळाखाली शिवाची गुहा आहे, तिथे वाकून जावं लागतं. डोंगरावरची 'आदि हिमानी चामुंडा' वेगळी, ती दिवसभराची खडी चढण. पाट्या बघून गोंधळू नका.

आणि ज्येष्ठ बरोबर आहेत म्हणून: कांगडा आणि नगरोटा बगवांच्या मध्ये टांड्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. सहा दिवसांत तुम्ही त्याच्यापासून फार तर दोन तासांवर असाल. ड्रायव्हरला 'टांडा' म्हटलं की कळतं.

सातारकरीण

किती नेमकं लिहिताय सगळे! वाचनखूण साठवली. आता धर्मशाळा-मॅक्लोडगंज. राहायचं वर की खाली? आणि त्रिउंड चौघांनीच करायचं झालं तर ज्येष्ठांनी दिवसभर काय करावं?

डोंगरपायी

त्रिउंड. उंची सुमारे २,८५० मीटर. मॅक्लोडगंजहून नऊ किमी, मॅक्लोडगंजच्या वर धरमकोट गाव आहे, त्याच्याही वरच्या गल्लू देवी मंदिरापासून सहा-सात. गल्लूपर्यंत छोट्या गाड्या जातात, रस्ता खराब. पहिले चार किमी सह्याद्रीत फिरणाऱ्याला काहीच नाहीत. शेवटच्या दीडेक किमीत 'बाईस मोड' म्हणतात ती बावीस वळणं, तिथे दम निघतो.

नेहमी चुकतं ते असं: लोक नाश्ता करून दहाला निघतात. डोंगर सकाळी मोकळा असतो, दुपारी एकच्या आसपास ढग चढायला लागतात. म्हणजे तुम्ही माथ्यावर आणि समोर पांढरा पडदा. साडेसहा-सातला गल्लू सोडा, दहा-साडेदहाला वर, बाराला उतरायला लागा. पाणी माणशी दोन लिटर. वाटेत चहाची दुकानं आहेत, खालच्या दुप्पट दरानं, आणि ते साहजिक आहे, सामान खेचरानं येतं. दिवाळीनंतर वर ऊन असतानाही वारा गार असतो, घाम येऊन थांबलात की थंडी भरते. कोरडा बनियन पिशवीत हवाच.

तंबूत मुक्कामाचे नियम बदलत असतात आणि हवामानाचा इशारा आला की प्रशासन ट्रेकच बंद करतं. आदल्या संध्याकाळी चौकशी करा. त्रिउंडच्या पुढे हिमरेषेकडे तुमच्या बेतात जागा नाही, मोहात पडू नका.

चहाटळ

राहायचं खाली. मॅक्लोडगंजला एकेरी रस्ते, गाडी हॉटेलपासून लांब, सामान चढावर ओढायचं. खालच्या शहरात गाडी दारात येते आणि वर जायला स्कायवे आहे, १.८ किमीचा दोरमार्ग, जानेवारी २०२२ पासून चालू. वर दलाई लामांच्या मंदिराजवळच उतरवतो, म्हणजे ज्येष्ठांचं चालणंही वाचतं. वारा सुटला तर थांबवतात आणि संध्याकाळी बंद होतो, परतीची शेवटची वेळ वर जातानाच विचारून ठेवा.

डोंगरपायी म्हणतात तसं चौघं पहाटे निघणार असतील तर मात्र ते चौघं एक रात्र धरमकोटला, ज्येष्ठ खालीच. ज्येष्ठांचा दिवस: स्कायवेनं वर, मंदिर (त्सुगलाखांग), भोवतीची प्रदक्षिणेची वाट थोडी चढउताराची आहे तेव्हा झेपेल तेवढी, मग गाडीनं सेंट जॉन चर्च. १८५२ चं, देवदारांत, भूकंपातून वाचलेलं. आवारात व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनची कबर. भागसूनागच्या देवळापर्यंत गाडी जाते, धबधब्याच्या पायऱ्या नको. दिवाळीनंतर धबधब्याला पाणीही फारसं नसतं. इथलं 'दल लेक' (काश्मीरचं नव्हे) पाहिलंच पाहिजे असं नाही, ते गळकं तळं आहे, कधी कधी चिखलच असतो. त्याऐवजी त्याच्या पुढचं नड्डी, सूर्यास्ताला.

दलाई लामांच्या प्रवचनाच्या दिवशी पोचलात तर आत मोबाईल-कॅमेरा नेता येत नाही, नोंदणीला ओळखपत्र लागतं. भाषांतर एफएमवर ऐकवतात, खिशातला छोटा रेडिओ आणि इयरफोन न्यावा. क्रिकेटचा सामना असेल त्या तारखा आधी बघा. खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात. नोरबुलिंका या तिबेटी कलासंस्थेतल्या कार्यशाळा रविवारी बंद.

मोजमाप

चहाटळ आले म्हणजे पालमपूरच्या चहावर लिहिल्याशिवाय जाणार नाहीत.

चहाटळ

लिहितोच!

कांगड्यात चहा १८४९ पासून, डॉ. जेमसननं लावला. झुडपं चिनी जातीची, बारीक पानाची. १९०५ च्या भूकंपात कारखाने पडले, मळेवाले इंग्रज विकून गेले, तेव्हापासून हा चहा लहान शेतकऱ्यांचा. २००५ ला भौगोलिक मानांकन, २०२३ ला युरोपीय संघाचंही.

आपल्या लोकांची तक्रार ठरलेली: 'घरी नेला, पाणचट लागतो.' लागणारच. आपण दूध-साखर घालून उकळतो ती दाणेदार सीटीसी पावडर. हा पानांचा, कोमेजवून, वळून, आंबवून, वाळवलेला. उकळला की सुगंध जातो, दुधात पडला की रंगही जातो. २०० मिलि पाणी उकळून मिनिटभर ठेवायचं, मग सपाट चमचाभर पान, म्हणजे दोन ग्रॅम, वरून झाकण, तीन मिनिटं. गाळून तसाच प्यायचा. तीनची पाच मिनिटं झाली तर तुरट. तीच पानं दुसऱ्यांदा चालतात, तेव्हा चार मिनिटं.

तोडणी मार्चअखेर-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. दिवाळीनंतर मळे हिरवे दिसतील, पण कारखान्यात यंत्रं बंद असण्याचीच शक्यता. कारखाना बघायचाच असेल तर आधी फोन. नाहीतर तो वेळ अंद्रेट्याला द्या, कुंभारकाम आणि शोभा सिंग यांचं चित्रदालन, पालमपूरहून अर्ध्या तासावर.

अवांतर: 'कांगडी धाम' हे तिथलं पारंपरिक जेवण खायचं असेल तर हॉटेलला आदल्या दिवशी सांगा. मदरा म्हणजे दह्यातली उसळ, माह म्हणजे उडीद, खट्टा म्हणजे आंबट कालवण, आणि गोड भात. पत्रावळीवर भात आधी येतो आणि वरणांचे प्रकार एकामागून एक. पहिल्याच मदऱ्यावर भात संपवलात तर खट्ट्याला काही उरत नाही, आणि खरी मजा खट्ट्याची.

पंखवेडा

बीरचं पॅराग्लायडिंग मी घेतो. उड्डाण बिलिंगहून, सुमारे २,४०० मीटर. उतरायचं बीरला, हजारेक मीटर खाली. मधला १४ किमी रस्ता जीपनं पाऊण तास. २०१५ ला पॅराग्लायडिंग विश्वचषक इथे झाला. पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, बंदी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वोत्तम, म्हणून गर्दीही तेव्हाच.

वैमानिकाचा पर्यटन खात्याचा परवाना मागा, दाखवायला कां-कूं केली तर दुसरा बघा. सकाळचं उड्डाण शांत. दुपारी ऊन तापलं की वर ओढणारे झोत जोरात असतात, छत्री हेलकावते आणि मळमळतं. पोटात हलकं काही हवं. उपाशीही नको, पराठेही नकोत.

गोंधळ होतो तो उड्डाणाच्या पहिल्या दहा पावलांत. छत्री वर आली की मागे ओढ बसते आणि माणूस घाबरून खाली बसतो. मग दोघंही उतारावरून घसरत जातात. पाय हवेत सुटले तरी पळत राहायचं, 'बसा' म्हणेपर्यंत. उतरताना उलट, सांगतील तसे पाय उचलायचे. घोट्यावर येणारे बूट, चष्म्याला दोरी. ढग असतील तर वर तासन् तास थांबवतात, म्हणून त्या दिवशी पुढचा प्रवास ठेवू नका. सत्तरीपुढच्यांनी खाली तिबेटी वसाहतीत मठ बघावेत आणि उतरणाऱ्या छत्र्या मोजाव्यात.

घाटवळण

हा मुद्दा बेताला लागतो. पाचव्या दिवशी चामुंडा करून पालमपूर. सहाव्याला सकाळी बैजनाथ तासाभरात उरका आणि अकरापर्यंत बीर. हवा नसेल तर सातव्या दिवशी सकाळी आठची एक संधी उरते, आणि परतीची गाडी रात्रीची असेल तर दुपारी बाराला बीर सोडूनही चालतं.

सातारकरीण

अंतिम बेत असा:
१. पठाणकोट-कांगडा, आराम, संध्याकाळी बज्रेश्वरी.
२. सकाळी मसरूर, संध्याकाळी ज्वालामुखी, शेजारती.
३. किल्ला, मग धर्मशाळा (खाली). चौघं धरमकोटला.
४. चौघं त्रिउंड, दोघं स्कायवे आणि चर्च.
५. चामुंडा, पालमपूर. मध्ये जमलं तर नगरोटा *बगवां* ते पालमपूर छोटी गाडी.
६. बैजनाथ, बीर.
७. राखीव सकाळ, पठाणकोट.

चिंतपूर्णी, डलहौसी रद्द. शेवटचा प्रश्न: सहा माणसांना एक इनोव्हा पुरेल ना? आणि ती पठाणकोटहून घ्यावी की कांगड्याहून?

कुरकुर

बसायला पुरेल, सामानाला नाही. सहा माणसं बसली की मागची सीट वर, डिकीत दोन पिशव्या. बाकी सगळं टपावरच्या कॅरियरवर. तेव्हा गाडी ठरवताना 'कॅरियर आणि ताडपत्री हवी' असं स्पष्ट सांगा. गुडघेवाल्यांना तिसऱ्या रांगेत बसवू नका, तिथे गुडघे छातीशी येतात. टेम्पो ट्रॅव्हलर ऐसपैस म्हणून घेतात आणि मॅक्लोडगंजच्या वळणांवर अडकतात.

गाडी हिमाचल पासिंगची. पंजाबच्या गाडीला स्थानिक फेऱ्या मारायला तिथल्या टॅक्सी युनियनचे लोक हरकत घेतात. कांगड्याची गाडी पठाणकोटला घ्यायला बोलवा, येतानाचं रिकामं भाडं द्यावं लागतं, पण सहा दिवस भांडण नाही. बिलिंगची जीप वेगळीच घ्यावी लागते. सातही दिवसांची ठिकाणं, रात्रीचा हॉल्ट, पार्किंग कोणाकडे, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि मसरूर लिहिताना पुढे 'नगरोटा सूरियां रोड' घालाच.